झिजलेले चाक बदलताना: माउंटन बाइकच्या मागच्या चाकाची मापे, जोडणी आणि पहिले पन्नास किलोमीटर

माउंटन बाइकचे चाक बदलणे हे काम पाने फिरवण्याचे कमी आणि मापे घेण्याचे जास्त आहे. जुने चाक काढायला दहा मिनिटे पुरतात, नवे बसवायला तासभर. पण चुकीच्या मापाचे चाक घरी आले, तर पुढचे दोन रविवार दुकानाच्या खेपा घालण्यात जातात. अशी खेप मी स्वतः घातलेली आहे. फोनवर "सव्वीसचे मागचे चाक, डिस्कवाले" एवढेच सांगून मागवलेले चाक जुळे सोलापुरात घरपोच आले, दिसायला सगळे ठीक होते, आणि जुने फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्र्यांचा गठ्ठा, त्यावर चढवायला बसलो तेव्हा लक्षात आले की या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, आटेच नाहीत; ते कॅसेटचे, म्हणजे गठ्ठा सरकवून बसवण्याच्या दुसऱ्या प्रकाराचे, हब होते. दुकानदाराचा त्यात दोष नव्हता, कारण मी विचारलेच नव्हते. म्हणून या लेखात मापांना सर्वाधिक जागा दिली आहे, आणि उदाहरण मागच्या चाकाचे घेतले आहे, कारण वजनाचा मोठा वाटा त्याच्यावर पडतो, पायांचा जोर त्यातूनच जमिनीपर्यंत जातो आणि बहुतेकांचे तेच आधी संपते. पुढच्या चाकाचे काम यातूनच, फ्रीव्हील आणि चेन वगळून, सहज समजेल.

चाक खरोखर संपले आहे का?

चाक बदलण्यापूर्वी ते बदलण्याची गरज आहे का, हे नीट पाहावे. नुसते डावे-उजवे डोलणारे चाक झिजलेले नसते, त्याला केवळ आउट आलेला असतो, आणि आउट काढणे हे स्पोक पान्याचे काम आहे. एखादा स्पोक तुटला तर तेवढा एक बदलता येतो. मात्र मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचे, म्हणजे चेनच्या बाजूचे, स्पोक हबजवळच्या वाकावर एकामागून एक तुटू लागले, महिन्या-दोन महिन्यांत तीन गेले, तर सगळेच स्पोक थकलेले आहेत असे समजावे. एकेक बदलत राहण्यात पैसाही जातो आणि भरवसाही राहत नाही.

रिंगेची झीज ब्रेकच्या प्रकारावर अवलंबून असते. ज्या सायकलींना व्ही ब्रेक आहेत, त्यांच्यात ब्रेकचे रबर थेट रिंगेच्या भिंतीवर घासते, आणि सोलापूरच्या आसपास फिरणाऱ्याच्या रिंगा दोन गोष्टी खातात: पावसाळ्यातली काळी माती आणि उन्हाळ्यातला मुरमाचा फुफाटा. शेतातल्या पायवाटेवरून ओली काळी माती चाकाला चिकटली की ती रबर आणि रिंग यांच्यामध्ये जाऊन बसते, आणि मग प्रत्येक ब्रेक म्हणजे ॲल्युमिनियमवर पॉलिश पेपर फिरवणे होते. भिंत आतल्या बाजूला खोलगट होत जाते, पण ती रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे दिसत नाही. ती पाहण्याचा सोपा उपाय कंपासपेटीतल्या स्टीलच्या पट्टीत आहे. रिंग कोरड्या फडक्याने पुसून पट्टीची धार भिंतीवर आडवी, म्हणजे टायरकडून हबकडे अशी, टेकवावी आणि मागून मोबाइलचा दिवा धरावा. भिंत सपाट असेल तर प्रकाशाची बारीकशी रेघ दिसेल. मधोमध चंद्रकोरीसारखी फट दिसली तर भिंत झिजली आहे. त्यानंतर बोट फिरवून पाहावे. कडेला बोट अडखळते आणि मध्ये खाली उतरते, तो खोलवा एकदा बोटाला कळला की पुन्हा विसरत नाही. काही रिंगांच्या भिंतीवर कंपनीनेच एक बारीक खाच किंवा ठिपका कोरलेला असतो. तो पुसला गेला की रिंगेचे आयुष्य संपले. साधारणपणे भिंत एक मिलिमीटरपेक्षा पातळ झाली की ती वापरू नये, कारण ट्यूबमधली हवा त्या भिंतीला सतत बाहेर ढकलत असते.

माझ्या जुन्या सायकलीची रिंग नान्नजच्या माळरानावरून परतताना फाटली. आवाज फटाक्यासारखा झाला आणि मी पंक्चर समजून उतरलो, तर रिंगेची वीतभर कड टायरसह बाहेर उघडली होती. उतारावर वेगात असतो तर हे लिहायला बहुधा बसलो नसतो.

डिस्क ब्रेकच्या सायकलीत रिंगेची भिंत घासत नाही, म्हणून तिथे वेगळे पाहायचे. निपल, म्हणजे स्पोकच्या टोकावर फिरवून त्याला ताणणारा छोटा नट, ज्या भोकातून रिंगेबाहेर येते त्या भोकाभोवती केसासारख्या तडा आहेत का, खड्ड्यावर आपटून कडेला पोचा आला आहे का, आणि पोचा आलेल्या जागी टायर नीट बसतो का, हे तपासावे. निपलभोवतीची तडा दुरुस्त होत नाही.

यानंतर हब. चाक काढून एक्सल दोन्ही टोकांना चिमटीत धरून हळू फिरवावा. वाळू दळल्यासारखे जाणवले तर कोन, म्हणजे एक्सलवरचे छर्रे दाबून धरणारे शंकूसारखे नट, खराब झाले असतील. साध्या हबमध्ये मागे प्रत्येक बाजूला पाव इंचाचे नऊ छर्रे असतात, पुढे प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे दहा. छर्रे आणि कोन बदलता येतात आणि ते महाग नसतात. पण हबच्या आतल्या वाटीलाच खड्डे पडले असतील तर छर्रे बदलून उपयोग होत नाही, आणि तेव्हा पूर्ण चाक बदलण्याचा हिशेब सरळ जमतो. हब उत्तम असून फक्त रिंग गेली असेल तर तशीच नवी रिंग आणून कारागिराकडून चाक नव्याने विणून, म्हणजे स्पोक पुन्हा गुंफून, घेता येते. माझे मत असे की कॅसेटचे चांगले हब असेल तरच ही विणाई परवडते; आटेवाल्या साध्या हबसाठी तयार चाक घेणे शहाणपणाचे.

मापे: घरून लिहूनच निघावे

एक कागद घ्यावा आणि पुढची मापे त्यावर क्रमाने लिहावीत. दुकानात उभे राहून आठवायला जाऊ नये.

पहिले माप व्यासाचे, आणि इथेच सर्वांत मोठा सापळा आहे. "सव्वीस" हे एकच माप नाही. टायरच्या कडेला २६ x १.९५ असे लिहिलेले असते, आणि त्याच्याच जवळ ५०-५५९ असा दुसरा आकडा असतो. यातला ५५९ हा आकडा खरा. रिंगेवर टायरची कड जिथे बसते तिथला तो मिलिमीटरमधला व्यास आहे. माउंटन बाइकचे सव्वीस म्हणजे ५५९, साडेसत्तावीस म्हणजे ५८४ आणि एकोणतीस म्हणजे ६२२. पण साध्या सायकलींमध्ये २६ x १ ३/८ असेही माप चालते, आणि त्याचा व्यास ५९० असतो. दोन्हींना बोलताना सव्वीसच म्हणतात आणि एकाचा टायर दुसऱ्यावर कधीच बसत नाही. म्हणून दुकानात इंच सांगू नयेत, तीन आकडी संख्या सांगावी.

दुसरे माप हबच्या रुंदीचे. फ्रेमच्या मागच्या दोन खाचांच्या आतल्या बाजूंमधले अंतर मोजावे. नटाच्या किंवा क्विक रिलीजच्या (पान्याऐवजी लिव्हरने चाक आवळण्याच्या) बहुतेक माउंटन बाइकमध्ये ते मागे १३५ आणि पुढे १०० मिलिमीटर असते. रस्त्यावरच्या जुन्या रेसिंग सायकलीत मागे १३० सापडते. नव्या आणि महागड्या सायकलींत आरपार जाणारा जाड एक्सल असतो, आणि तिथे मागे १४२ किंवा १४८, पुढे १०० किंवा ११० अशी मापे येतात. या पद्धती आपसात बदलत नाहीत. १३० चे हब १३५ च्या फ्रेममध्ये ओढूनताणून बसवणारे कारागीर भेटतात. तसे करू देऊ नये, कारण फ्रेमच्या खाचा तिरक्या होतात आणि पुढे एक्सल वाकत राहतो.

तिसरी गोष्ट मी चुकलो तीच. मागच्या चक्र्यांचा गठ्ठा दोन प्रकारे बसतो. फ्रीव्हील हबच्या आट्यांवर फिरवून चढवतात आणि त्याचे मागे न फिरू देणारे खटके त्याच्या स्वतःच्या पोटात असतात. कॅसेट मात्र हबवरच्या खाचा पाडलेल्या नळीवर सरकवून बसवतात, आणि खटके हबच्या त्या नळीत असतात. ओळखण्यासाठी चाक हातात घेऊन गठ्ठा उलटा फिरवावा: मधल्या भागात जिथे हत्यार बसते तो खाचांचा गोल गठ्ठ्याबरोबर फिरला तर ती कॅसेट, तो स्थिर राहिला तर फ्रीव्हील. सहा किंवा सात गिअरच्या बहुतेक स्वस्त सायकलींना फ्रीव्हील असते. कॅसेट असेल तर गिअरची संख्याही लिहावी. शिमानोच्या नेहमीच्या नळीवर ८, ९, १० आणि माउंटन बाइकच्या ११ गिअरच्या कॅसेट बसतात. सात गिअरची मूळ नळी आखूड असते, आणि शिमानोच्या १२ गिअरच्या माउंटन कॅसेटसाठी वेगळीच नळी लागते.

चौथे ब्रेकचे. डिस्क सहा स्क्रूंनी बसलेली आहे की मधल्या एका मोठ्या रिंग-नटाने, हे पाहावे, कारण हब त्यानुसार बदलते. व्ही ब्रेक असेल तर रिंगेची भिंत ब्रेकसाठी सपाट घासलेली असली पाहिजे. डिस्कसाठीची रंगवलेली रिंग व्ही ब्रेकला वापरली तर रंग निघून जातो, ब्रेक नीट लागत नाही आणि अशा रिंगेची भिंत त्या घर्षणासाठी बनवलेलीही नसते.

व्हॉल्व्हचे भोकही पाहून ठेवावे. मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हला ८.५ मिलिमीटरचे भोक लागते, बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला ६.५. स्पोक ३२ आहेत की ३६, याने जोडणीत फरक पडत नाही. वजनदार माणसाने किंवा मागे सामान बांधणाऱ्याने ३६ घ्यावेत.

नवे चाक दुकानातच तपासावे

तयार चाके यंत्रावर घाईने ताणलेली असतात. शेजारचे दोन-दोन स्पोक एकत्र दाबत पूर्ण चाकभर फिरावे. एक जोडी ढिली आणि पुढची दगडासारखी असे असेल तर दुसरे चाक मागावे. मागच्या चाकात उजव्या बाजूचे स्पोक डाव्यापेक्षा जास्त ताणलेले असतात, तो दोष नव्हे. चक्र्यांना जागा देण्यासाठी हबची उजवी कड आत सरकवलेली असते. एक्सल बोटांनी फिरवावा. नव्या हबचे कोन पुष्कळदा फार घट्ट असतात आणि एक्सल अडखळत फिरतो. अशा वेळी कोनाचा पातळ पाना, मागे बहुधा १५ आणि पुढे १३ मिलिमीटरचा, लावून कोन किंचित सैल करून पुन्हा लॉकनट (कोनाला जागेवर धरणारा बाहेरचा नट) आवळून घ्यावा. नटाच्या एक्सलला हलवल्यावर खडखड राहू नये. क्विक रिलीजच्या पोकळ एक्सलला मात्र अगदी किंचित खडखड ठेवावी, कारण लिव्हर आवळल्यावर एक्सल थोडा दाबला जातो आणि ती खडखड नाहीशी होते.

रिंगेच्या आत पट्टी आहे का, तेही पाहावे. दुहेरी भिंतीच्या रिंगेत आतली भोके मोठी असतात आणि त्यांवर नायलॉनची रुंद पट्टी हवी. काळी रबरी पट्टी आपल्या उन्हाळ्यात ताणून बाजूला सरकते आणि ट्यूब भोकाच्या कडेवर बसते. मग पंक्चर नेहमी आतल्या, म्हणजे रिंगेच्या बाजूने, का होते याचा उलगडा लोकांना होत नाही.

जुने चाक काढणे

अंगणात किंवा गच्चीवर जुनी सोलापुरी चादर चौपदरी घालून सायकल तिच्यावर उलटी ठेवावी. सीटही खरचटत नाही आणि खाली पडलेला वॉशर धाग्यांवर थांबतो, घरंगळून गटारात जात नाही. तेलावर चालणारे, म्हणजे हायड्रॉलिक, डिस्क ब्रेक असतील तर सायकल फार वेळ उलटी ठेवू नये, कारण लिव्हरमधली हवा नळीत शिरू शकते. अशी सायकल सीटला दोरी बांधून टांगलेली बरी. आधी चिखल कोरड्या ब्रशने झाडून घ्यावा. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात सायकल धुण्यात बादल्या घालवणे पटतही नाही, आणि हबमध्ये पाणी गेल्याने फायदाही होत नाही.

चेन मागच्या सर्वांत लहान चक्रीवर आणावी. व्ही ब्रेक असेल तर दोन्ही बाहू हाताने दाबून केबलची वाकडी नळी तिच्या कडीतून सोडवावी, म्हणजे टायर मधून निघेल. आता १५ मिलिमीटरच्या पान्याने दोन्ही बाजूंचे नट डावीकडे फिरवून सैल करावेत. वॉशर कोणत्या क्रमाने आणि कोणत्या बाजूने बसले आहेत याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा; दात असलेला वॉशर फ्रेमच्या कोणत्या बाजूला होता, हे तासाभराने आठवत नाही. डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) हाताने मागे ओढून धरावा आणि चाक खाचेतून काढावे. ते बाहेर आल्यावर ब्रेकचा लिव्हर दाबू नये. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तो दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चकती (डिस्क) आत जायला जागा राहत नाही; पॅडच्या मध्ये जुन्या लग्नपत्रिकेचा जाड तुकडा दुमडून ठेवावा.

टायर आणि ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून जुने सुती फडके फिरवावे. बाभळीचा काटा बाहेरून तुटलेला असला तरी आतून टोक शिल्लक असते आणि फडक्याचा धागा तिथे अडकतो. हिप्परगा तलावाच्या बाजूला फिरणाऱ्याच्या टायरमध्ये असे दोन-तीन काटे निघाले तर नवल नाही. नव्या चाकात जुना काटा घेऊन जाऊ नये.

फ्रीव्हील सोडवणे

हे या कामातले सर्वांत जिकिरीचे पाऊल आहे, कारण फ्रीव्हील पायांच्या जोराने दिवसेंदिवस घट्ट होत गेलेले असते. त्यासाठी त्याच्या खाचांत नेमका बसणारा रिमूव्हर लागतो. खाचांची रचना वेगवेगळी असते, म्हणून चाक सोबत नेऊनच तो विकत घ्यावा. रिमूव्हर खाचांत बसवून त्यावर एक्सलचा नट हलका आवळावा, म्हणजे तो निसटून खाचा मोडणार नाहीत. मग लांब दांड्याचा पाना लावून, किंवा रिमूव्हर व्हाइसमध्ये धरून चाकच स्टिअरिंगसारखे फिरवून, घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने जोर द्यावा. सुटताना ते एकदम सुटते. सुटताक्षणी एक्सलचा नट सैल करावा, नाहीतर पुढे फिरायला जागा राहत नाही आणि एक्सलचे आटे जातात. जुन्या चाकाचे स्पोक आधी कापून मग फ्रीव्हील काढू, असा विचार कोणी करू नये. रिंग नसेल तर हब धरायला काही उरत नाही आणि फ्रीव्हील त्यावर कायमचे राहते.

नव्या हबच्या आट्यांवर ग्रीस लावून फ्रीव्हील हातानेच फिरवत चढवावे. पहिले दोन वेढे सरळ गेले पाहिजेत. अडले तर परत काढून पुन्हा सुरू करावे. पाना लावून रेटले तर ॲल्युमिनियमचे आटे वाकडे कापले जातात. शेवटचे आवळणे सायकल चालवताना आपोआप होते.

याच वेळी चेन मोजावी. एका पिनेच्या मध्यावर टेपची शून्य रेघ ठेवली, तर त्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलावी. १/८ इंच गेली असेल तर जुन्या फ्रीव्हीलचे दातही त्या चेनबरोबर झिजलेले असणार, आणि नव्या चाकावर ते चढवण्याऐवजी दोन्ही एकदम बदलावेत.

डिस्क असेल तर ती जुन्या हबवरून काढून नव्यावर लावताना चकतीवरचा बाण चाक पुढे फिरण्याच्या दिशेला आहे हे पाहावे. सहा स्क्रू बहुधा टी-२५ चांदणी तोंडाचे असतात. ते समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. ग्रीसचे बोट चकतीला लागू देऊ नये. लागलेच तर स्पिरिटने पुसावे. तेल पॅडपर्यंत गेले की ब्रेक लागत नाही आणि वर किंचाळतो.

टायर, हवा आणि उन्हाचा गैरसमज

टायरवरच्या दिशेचा बाण पाहून त्याची एक कड रिंगेत बसवावी. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून ती आत घालावी, आणि दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवावी. शेवटचा टप्पा अंगठ्यांनीच चढवावा. टायर लिव्हरने चढवताना ट्यूब चिमटते आणि नव्याकोऱ्या ट्यूबला दोन समांतर चिरा पडतात. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढावा आणि थोडी हवा भरून टायरच्या कडेची रेघ रिंगेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, ते पाहावे. टायरवर कमाल आणि किमान दाब छापलेला असतो. सत्तर किलोच्या माणसाला १.९५ च्या टायरमध्ये मागे ४० पीएसआयच्या आसपास पुरते.

उन्हाने हवा फुगून ट्यूब फुटते, म्हणून उन्हाळ्यात हवा निम्मी ठेवावी, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. हिशेब करून पाहावा: २५ अंशांना भरलेली ४० पीएसआय हवा ४५ अंशांना साधारण ४४ पीएसआय होते. एवढ्याने टायर फुटत नाही. मे महिन्यात फुटतात ती झिजलेल्या कडेची टायरे आणि चिमटलेल्या ट्यूबा, किंवा उन्हाने चिकटद्रव मऊ होऊन सुटलेली पंक्चरची ठिगळे. उलट हवा कमी ठेवली तर खड्ड्यावर टायर चेपून नव्या रिंगेला पहिल्याच आठवड्यात पोचा येतो.

चाक बसवणे

डिरेलर मागे ओढून, चेनचा वरचा पदर सर्वांत लहान चक्रीवर घेऊन एक्सल खाचांत शेवटपर्यंत बसवावा. टायर दोन्ही बाजूंच्या दांड्यांच्या मधोमध आहे हे डोळ्यांनी पाहून आधी उजवा नट हलका, मग डावा, असे आळीपाळीने आवळावेत. एकदम एकच बाजू आवळली तर चाक तिरके होते. शेवटचा जोर साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर हवा. हे म्हणजे वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकाला पंधरा-वीस किलोचा दाब. चाक मधोमध येतच नसेल तर फ्रीव्हील नसताना ते उलटे करून बसवून पाहावे: रिंग आता दुसऱ्या बाजूला तेवढीच सरकली तर दोष चाकाच्या विणाईत आहे, त्याच बाजूला राहिली तर फ्रेममध्ये.

क्विक रिलीज असेल तर तो नटासारखा फिरवून आवळायचा नसतो. त्याच्या दोन्ही स्प्रिंगांची निमुळती टोके आतल्या बाजूला ठेवावीत, लिव्हर चेनच्या विरुद्ध बाजूला असावा, समोरचा छोटा नट अशा बेताने फिरवावा की लिव्हर एक्सलच्या सरळ रेषेत आल्यावर जोर लागायला लागेल, आणि मग तो तळहाताने ढकलून बंद करावा. तळहातावर त्याचा वण उमटला पाहिजे. पुढच्या चाकाला डिस्क असेल तर लिव्हर बंद झाल्यावर चकतीपासून पुरेसा दूर आहे ना, हे खात्रीने पाहावे: २०१५ मध्ये ट्रेक कंपनीने अमेरिकेत सुमारे नऊ लाख सायकली याच कारणाने परत बोलावल्या होत्या, कारण उघडा राहिलेला लिव्हर १८० अंशांपेक्षा जास्त फिरून पुढच्या डिस्कमध्ये अडकू शकत होता.

ब्रेक लगेच जुळवावेत. व्ही ब्रेकचे रबर रिंगेच्या भिंतीवरच लागले पाहिजे, टायरला स्पर्श करता कामा नये. रबरात रुतलेले ॲल्युमिनियमचे चमकते कण सुईने काढावेत, आणि जुन्या रिंगेच्या खोलव्याप्रमाणे रबर फुगीर झिजले असेल तर तेही बदलावे, नाहीतर ते नवी रिंग जुन्याच आकारात घासत नेईल. हायड्रॉलिक डिस्कमध्ये कॅलिपरचे (पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट सैल करून लिव्हर घट्ट दाबून धरावा आणि त्याच स्थितीत बोल्ट आवळावेत. बहुतेक वेळा चकती आपोआप मध्ये येते. केबलच्या डिस्कमध्ये हाच उपाय करून मग आतला स्थिर पॅड चकतीला न टेकेल इतका मागे घ्यावा.

डिरेलर शेवटी. चाक जमिनीवरून उचलून पेडल फिरवत सर्व गिअर बदलून पाहावेत. मोठ्या चक्रीवर असताना चेन पलीकडे जाऊन स्पोकमध्ये पडत नाही ना, हे एल लिहिलेल्या स्क्रूने आवरावे. लहान चक्रीवरून फ्रेमकडे घसरत असेल तर एच लिहिलेल्या स्क्रूने. नव्या चाकात चक्र्या जुन्यापेक्षा मिलिमीटरभर जरी सरकल्या असतील, तरी जुनी जुळणी चालत नाही, आणि चढावर चेन स्पोकमध्ये गेली तर उजव्या बाजूचे नवे स्पोक एका दणक्यात खरवडले जातात.

पहिले पन्नास किलोमीटर

पहिली चक्कर होम मैदानासारख्या मोकळ्या, सपाट जागी मारावी. वीस-तीस वेळा वेग घेऊन ब्रेक हळूहळू लावत जावे, म्हणजे पॅड नव्या जुळणीत बसतील. सुरुवातीला स्पोकमधून टिकटिक आवाज येईल. विणताना पीळ पडलेले स्पोक वजन येताच सरळ होतात, त्याचा तो आवाज असतो आणि काही मिनिटांत थांबतो. थांबला नाही तर उतरून ढिला स्पोक शोधावा.

चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर चाक पुन्हा सायकलवरच तपासावे. मागच्या दांडीला एक पेन्सिल दोरीने अशी बांधावी की तिचे टोक रिंगेला जेमतेम लागणार नाही. चाक फिरवल्यावर जिथे रिंग पेन्सिलकडे येते तिथे, ती ज्या बाजूला सरकली त्याच्या विरुद्ध बाजूच्या हबपासून येणारे स्पोक पाव वेढा घट्ट करावेत. निपल टायरच्या बाजूने पाहिले तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट होते, पण आपण हबच्या बाजूने पाहत असतो, म्हणून आपल्याला ते उलटे फिरताना दिसते. नवशिक्याचे निम्मे आउट याच गफलतीने वाढतात. एका वेळी पाव वेढ्यापेक्षा जास्त फिरवू नये, आणि अर्ध्या मिलिमीटरचा डोल राहिला तर तिथे थांबावे.

मागचे नटही त्याच वेळी पाहावेत. मी नवे चाक लावून तुळजापूर रस्त्याने हिप्परगा तलावापर्यंत गेलो होतो आणि परत आल्यावर पाना लावला, तर उजवा नट जवळजवळ अष्टमांश वेढा अजून आवळला गेला, डावा जागचा हलला नाही. रंगावर बसलेला वॉशर पहिल्या धक्क्यांत रंगात रुततो, त्यामुळे हे होते. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पाना लावला तेव्हा दोन्ही घट्ट होते, आणि जुन्या चाकाचा एक्सल, कोन आणि सरळ राहिलेले वीस-बावीस स्पोक काढून घेऊन रिंग भंगारवाल्याकडे गेली.